जुने द्या, कूपन घ्या

माझी भाची आठवीत जाईपर्यंत तिच्या अंगावरचा जवळजवळ प्रत्येक कपडा मी शिवलेला असायचा. फ्रॉक, परकर, शाळेचा युनिफॉर्म, गणपतीतला घागरा. मी लग्न केलं नाही. बायकांच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात कटिंग-टेलरिंग शिकवायची नोकरी केली आणि जबलपूरच्या कांचघर भागातल्या वडिलांच्या घरात वरच्या खोलीत राहिले. खाली भाऊ, वहिनी आणि त्यांची ही एकुलती एक मुलगी. शाळेतून आली की दप्तर जिन्यातच टाकायची आणि माझ्या मशीनखालच्या कातरणांच्या ढिगात येऊन बसायची. तिच्या बाहुल्यांचे कपडे आमच्या गल्लीतल्या पुष्कळ मुलींच्या कपड्यांपेक्षा बरे असायचे.

आठवीत असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाहून परत आली आणि म्हणाली, "आत्या, आता तू माझ्यासाठी नको शिवू."

"काहून?"

"घरचं शिवलेलं दिसते."

रागाने नाही म्हणाली. बाहेर ऊन आहे म्हणून सांगावं, तशी म्हणाली. मी त्या फ्रॉकची शिवण उलटी करून पाहिली. टीप सरळ होती, काज हाताने केलेले होते, आतल्या बाजूला एक दोरा लोंबत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की दोष शिवणीत नव्हताच. दोष घरात होता.

वडील मूळचे अमरावतीकडचे. रेल्वेत होते. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. त्यांनी बदली मागितली नाही. मी त्यानंतरची, इथलीच. आईला मात्र कधी पूर्ण इथलं होता आलं नाही. शेजारणी जिला कथरी म्हणायच्या तिला ती शेवटपर्यंत गोधडी म्हणाली. आमच्या घरात कापड असं मरायचं नाही. वडिलांच्या पँटची भावाची हाफपँट व्हायची, हाफपँटची पिशवी, पिशवीचं पोतेरं. साडीचा परकर, परकराची गोधडी. आईने हे कुठल्या निसर्गाच्या काळजीने केलं नाही. तो शब्द आमच्या घरात आलाच नव्हता. कापड होतं आणि ते अजून संपलं नव्हतं, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. आणि मला ते आवडायचं. भावाला लाज वाटायची, मला आवडायचं. पुढे शिवणकाम शिकले ते त्यामुळेच.

आईचं एक करवतकाठी लुगडं होतं. टसरचं, मधाच्या रंगाचं, काठाला करवतीच्या दात्यांसारखी लाल-काळी नक्षी. वडिलांनी नागपूरहून आणलं होतं. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. घडीघडीवर विरलं होतं, बोट लावलं तर फाटेल असं. पण काठ जसेच्या तसे होते आणि पदराकडचा भाग धड होता.

भाची कॉलेजात गेली त्या वर्षी एक दिवस आपणहून वर आली. लुगडं मी उन्हात टाकलं होतं. ती त्याच्याजवळ बसली, काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत्या, आजीच्या या साडीचं माझ्यासाठी काही बनव ना. कुर्ता टाइप."

इतक्या वर्षांनी तिने मागितलं होतं. मी कित्येक दिवस ते कापड नुसतं उलटंसुलटं करत बसले. कुठे कापायचं, कुठे नाही. विरलेल्या भागाला आतून मलमलचं अस्तर दिलं. काठ खाली आणि बाह्यांना घेतला. गळ्याला काही लावलं नाही, साधा ठेवला. तिने तो घातला, आरशासमोर उभी राहिली आणि तिला रडू आलं. म्हणाली, "आजीचा वास येऊन राहिला." वास येणं शक्य नव्हतं, मी तो रिठ्याच्या पाण्यातून काढला होता. पण मी तिला तसं सांगितलं नाही. त्या दिवशी तिने खूप फोटो काढले. मैत्रिणींना पाठवले. सगळ्यांनी विचारलं, कुठून घेतला. ती म्हणाली, माझ्या आत्याने बनवला. मी आयुष्यात जे काही शिवलं, त्यातलं सगळ्यात चांगलं तेच होतं. हे मी आजही म्हणते.

त्यानंतर तो कुर्ता तिच्या अंगावर मी एकदा-दोनदाच पाहिला असेल. विचारलं तर म्हणाली, "सगळ्या फोटोंत तोच आहे ना आत्या. रिपीट कसा करू?"

त्याच सुमारास घरी पार्सलं यायला लागली. आधी सणावाराला, मग महिन्याला, मग कुरिअरवाला भैया बेल वाजवण्याऐवजी तिच्या नावाने हाकच मारायला लागला. टॉप, स्कर्ट, ढगळ शर्ट, अर्धवट पँटी. एकेक कपडा असा हलका की हातात घेतला तरी काही घेतल्यासारखं वाटू नये. ती तो एकदा घालायची, फोटो काढायची आणि खुर्चीवर टाकायची. खुर्ची भरली की कपाटात. कपाटाचं दार लागेना, तेव्हा भावाने तिच्यासाठी दुसरं कपाट आणलं.

मी एकदा जेवताना म्हटलं, "अगं, एवढे कपडे घालते कधी?"

"आत्या, सस्ते आहेत. तू टेन्शन काहून घेऊन राहिली?"

"स्वस्त आहे म्हणून घ्यायचं?"

"अच्छा, मग महाग घेऊ?"

भाऊ हसला. वहिनीने पोळी वाढली. विषय संपला. आमच्या घरात माझे विषय असेच संपायचे. मी बिनलग्नाची, वरच्या खोलीतली, शिवणाच्या बाई. माझं म्हणणं खरं असायचं आणि कुणाला ऐकायचं नसायचं.

मी निवृत्त झाल्यावर भाचीच्याच कॉलेजातून बोलावणं आलं. पर्यावरणावर कार्यक्रम होता. तिच्या एका प्राध्यापिकेला तो कुर्ता आठवत होता. तिने भाचीला विचारलं, तुझी आत्या मुलांशी बोलेल का, जुन्या कपड्यांचं काय करता येतं यावर? भाचीने घरी येऊन सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, हे मी कबूल केलं पाहिजे.

मी मशीन घेऊन गेले. हिंदीत बोलले, कारण तिथे मराठी दोन-चारच, आणि त्यांनाही मराठी समजायचं तेवढं बोलता यायचं नाही. मी मुलांना सांगितलं की तुम्ही जो टॉप घालता तो उलटा करून बघा. शिवणीच्या आत कापड किती सोडलंय ते बघा. त्या जास्तीच्या कापडाला आमच्या मराठीत माया म्हणतात. पूर्वीचे शिंपी भरपूर माया ठेवायचे, म्हणजे माणूस वाढला की कपडाही वाढायचा. तुमच्या कपड्यांत माया नाही. ते उसवता येत नाहीत, सैल करता येत नाहीत. ते तुमच्यासोबत राहायला बनवलेलेच नाहीत. मुलं आपापल्या बाह्या उलट्या करून बघायला लागली, हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग मी एका मुलाच्या शर्टाची घासलेली कॉलर तिथल्या तिथे उसवून पलटून दिली. शर्ट नवा दिसायला लागला. टाळ्या पडल्या. मी तापले होते. म्हटलं, घरी जा, कपाट उघडा. जे घालत नाही ते धरून बसू नका. ज्याच्या कामाला येईल त्याला द्या. नवं घेण्याआधी एकदा जुन्याकडे बघा.

मला इतक्या लोकांनी एकदम कधी ऐकलं नव्हतं. परत येताना ऑटोत भाची माझ्या खांद्याला टेकून बसली होती. "आत्या, तू तर एकदम स्टार निघाली."

कार्यक्रमाचा खर्च एका कपड्यांच्या शोरूमने केला होता. त्याचा मॅनेजर पहिल्या रांगेत बसला होता. तरुण, गुळगुळीत दाढी केलेला, नम्र. दोन दिवसांनी तो घरी आला. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मैडम जी, आपकी बात दिल को लग गई. हम भी यही करना चाहते हैं." त्यांच्या शोरूममध्ये जुन्या कपड्यांची मोहीम सुरू होणार होती. मी रोज दुपारी तिथे मशीन घेऊन बसावं, मुलांना दुरुस्ती शिकवावी, जुन्याचं नवं करून दाखवावं. तरुण पोरं तिथेच येतात. त्यांना तिथेच गाठायला हवं.

मला पटलं. अजूनही वाटतं, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पोरं तिथेच येत होती.

माझं मशीन काचेच्या दारापाशी ठेवलं. वर पांढरे दिवे, मागे हिरव्या पानांचं मोठं चित्र. बाजूला माणसाच्या उंचीची एक पारदर्शक पेटी. तिच्यावर लिहिलं होतं की जुने कपडे इथे टाका, पृथ्वी वाचवा आणि नव्या खरेदीवर सवलतीचं कूपन मिळवा. कूपनचं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "मैडम, बच्चों को मोटिवेशन तो देना पड़ता है."

मुलं आली. झुंडीने आली. पिशव्या पेटीत रिकाम्या करायची, कूपन घ्यायची आणि आत जायची. बाहेर पडायची तेव्हा आणली त्याच्यापेक्षा मोठी पिशवी हातात असायची. माझ्यापाशी थांबायची ती फोटोला. एक मुलगी मशीनच्या चाकाला बोट लावून म्हणाली, "आंटी, ये असली है?" एकाने मला मशीन चालवायला सांगितलं, व्हिडिओ काढला, थँक्यू म्हटलं आणि गेला. सुईखाली कापड नव्हतं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. दुरुस्तीला म्हणून त्या दिवसांत माझ्याकडे काय आलं? एक तुटलेली चेन आणि शोरूमच्याच नव्या पँटी, खालून आखूड करायला.

पेटीत काय पडतंय ते मला दिसायचं. फाटकं त्यात फार थोडं होतं. चांगले कपडे होते. काहींचे टॅगसुद्धा निघाले नव्हते. मी मॅनेजरला म्हटलं, "हे मला द्या. मी बरोबर करून देते. किती घरांत लागतील."

"मैडम, पॉलिसी नहीं है."

"मग यांचं होतं काय?"

"कंपनी ले जाती है. रीसाइकल होता है."

"म्हणजे काय होतं?"

तो हसला. त्याला माहीत नव्हतं. माहीत नसण्यात त्याला काही अडचणही नव्हती.

मी तेव्हाच उठायला हवं होतं असं आता वाटतं. पण मी बसले. भाची मैत्रिणींना घेऊन एकदा आली, माझ्यासोबत फोटो काढला. भाऊसुद्धा कुणाला तरी फोनवर सांगत होता, आमची ताई मोठ्या शोरूममध्ये आहे आता. इतक्या वर्षांत माझ्या कामाविषयी त्याने कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

आणि मग एका दुपारी मी पेटीकडे पाहिलं तर काचेला आतून दाबला जाऊन करवतकाठी काठ दिसत होता.

आधी वाटलं दुसरा कुणाचा असेल. जबलपुरात विदर्भातली घरं काय कमी आहेत. मी खुर्ची सरकवून जवळ गेले. बाहीच्या टोकाला काठ जोडताना मला नक्षी जुळवायला त्रास झाला होता. एक दाता अर्धा आला होता. तो अर्धा दाता काचेपलीकडे होता. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

मी मॅनेजरला बोलावलं. म्हटलं, पेटी उघडा, माझा कपडा चुकून आत गेलाय. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, किल्ली कंपनीच्या माणसाकडे असते, तो सोमवारी येतो. मी म्हटलं, "ती माझ्या आईची साडी आहे." तो म्हणाला, "जी मैडम, मैं समझ रहा हूँ." आणि एका गिऱ्हाइकाकडे वळला.

मी भाचीला फोन लावला.

"हो आत्या, मी काल आली होती ना. तू जेवायला गेली होती." आवाज आनंदी होता. "कपाट साफ केलं पूर्ण. तू म्हणाली होती तसं. दोन पिशव्या निघाल्या."

"त्यात आजीचा कुर्ता होता."

"हो ना. तो मी घालतच नव्हती. म्हटलं, कोणाच्या तरी कामाला येईल. आत्या, तू रागावून राहिली का?"

मी फोन ठेवला. काय बोलणार? माझंच वाक्य होतं. शब्दन् शब्द माझा.

सोमवारी शोरूम उघडायच्या आधीच मी जाऊन उभी राहिले. मागच्या बाजूला गोदाम होतं, त्याचं शटर अर्धं वर होतं. आत कंपनीचा माणूस आला होता. पेटी उघडून कपडे खाली ओतले होते आणि मोठ्या कटरने तो एकेक कपडा गळ्यापासून खालपर्यंत चिरत होता. चिरून झाला की पोत्यात. मी विचारलं, का कापता? तो म्हणाला, ऑर्डर आहे. न कापता दिले तर कोणी बाजारात नेऊन विकेल, मग दुकानातला नवा माल कोण घेईल? त्याने हे अगदी सरळ सांगितलं. त्या पूर्ण मोहिमेत माझ्याशी खरं बोललेला तो एकटाच माणूस.

मी त्याला कुर्त्याचं वर्णन केलं. त्याने पोत्यात हात घालून थोडं उचकलं. करवतकाठी बाही वर आली. पुढची चीर दिसली. अस्तरासकट गेला होता. चीर अगदी सरळ होती, मला तशी कापता आली नसती.

मी हात पुढे केला. तेवढ्यात मॅनेजर आला. म्हणाला, मैडम, वजन झालंय, नोंद गेली, आता ते आमचं राहिलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खरंच ओशाळला. खिशात हात घातला आणि कूपनांचा गठ्ठा काढला. "आप ये रख लीजिए. जितने चाहिए."

त्याला माझा अपमान करायचा नव्हता. त्याच्याकडे द्यायला तेवढंच होतं.

मी मशीन ऑटोत घातलं आणि घरी आले. ऑटोवाल्याने वर चढवून द्यायला मदत केली. कूपनं मी घेतली नाहीत. पोतं ओढून घेतलं नाही, याचा मात्र मला पुढे फार राग आला. दोन माणसांसमोर ओरडले असते, रडले असते तर त्यांनी ती चिंधी दिली असती. पण मला सगळं आयुष्य शहाण्यासारखं वागायची सवय. शहाण्या बाईसारखी मी तिथून निघून आले.

संध्याकाळी भाची वर आली. तिचे डोळे सुजले होते. "मला काय माहीत आत्या, ते कापतात म्हणून? तिथे तर लिहिलंय रीसाइकल."

"तू घालत नव्हती तर मला द्यायचा. माझ्या कपाटात जागा नव्हती का?"

"तुला दिला असता तर तू आणखीच चिडली असती, घालत नाही म्हणून."

तेही खरं होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला. मी म्हटलं, "तुला आजीचा वास येऊन राहिला होता ना त्यात?" हे मी लागावं म्हणूनच म्हटलं आणि ते लागलं. ती जिन्यातून धावत खाली गेली. मग भाऊ वर आला. दारातच उभा राहिला. "ताई, कपडाच तर होता. पोरीला एवढं बोलायची काय गरज होती?" लहानपणी आईने शिवलेली हाफपँट घालताना तो जसा उभा राहायचा तसाच, मान खाली घालून उभा होता. मी त्याला म्हटलं, "जा तू." तो गेला.

त्यानंतर भाचीत आणि माझ्यात बोलणं उरलं ते चहा ठेवू का, दार लाव, इतकं. पुढच्या वर्षी तिला पुण्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी ती पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्या कुर्त्याचं होतं की निरोपाचं, आम्ही विचारलं नाही. तिची दोन्ही कपाटं भरलेलीच मागे राहिली. वहिनी म्हणाली, काय करायचं याचं? मी म्हटलं, मला विचारू नका.

पण स्वभाव कुठे जातो? मी फाटकावर पाटी लावली. जुने कपडे आणा, त्यातून नवं शिवायला शिकवीन, मोफत. गल्लीतल्या बायका फॉल-पिको करून मागायला आल्या. तरुण म्हणून एकच मुलगी आली. जबलपूरजवळच्या सिहोऱ्याहून, बसने. तिने माझं कॉलेजातलं भाषण ऐकलं होतं आणि भाचीकडून पत्ता मिळवला होता. किडकिडीत, बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. मला फार बरं वाटलं. म्हटलं, एक तरी.

पहिल्या दिवशी मी तिला जुनी साडी दिली, म्हटलं यातून काय काढता येईल ते सांग. तिने साडी बाजूला ठेवली आणि मोबाइल पुढे केला. त्यात एक टॉप होता. भाचीकडे यायचे तसला.

"मैडम, मुझे ये सीखना है. हूबहू."

मी तिला म्हटलं, हे तर दुकानात मिळतं. मी जुन्याचं शिकवते. तू ऐकलं होतं ना माझं भाषण?

"सुना था." तिने मोबाइल मांडीवर ठेवला. "मैडम, बुरा मत मानिए. मैंने दो बड़ी बहनों का उतरा हुआ पहना है. उनके बाद मेरा नंबर आता था. कॉलेज में जो कुर्ती पहनकर आती थी, वो भी उन्हीं की. आप बोल रही थीं कि पुराना पहनो, और सब ताली बजा रहे थे, और मैं सोच रही थी कि मैंने तो आज तक और कुछ पहना ही नहीं."

हॉलमध्ये बसलेल्या मुलांना मी एकच समजले होते. कपाटाचं दार न लागणारी. ही तिथे बसली आहे, हे मला दिसलं नव्हतं आणि दिसलं असतं तरी मी वेगळं काय बोलले असते, मला माहीत नाही.

मी तिला तो टॉप शिकवला. हात चांगला होता. मी माया ठेवायला सांगायची, ती म्हणायची, इतना कपड़ा अंदर छोड़ेंगे तो बचेगा क्या? मग मी हळूच रागवायची आणि ती माझ्यासमोर माया ठेवायची. घरी जाऊन ठेवत नसणार. उन्हाळाभर ती येत राहिली. येताना कधी शेतातले हरभरे आणायची, कधी आंबे. आम्ही दोघी मशीनवर आळीपाळीने बसायचो. त्या उन्हाळ्यात मला घर रिकामं वाटलं नाही.

शिकून झाल्यावर तिने सिहोऱ्यातच दुकान काढलं. पूजेला मला मुद्दाम बोलावलं. मी बसने गेले. वाटेत मनात चित्र होतं की मशीन असेल, टेबल असेल, खुंटीला बेतलेले कपडे असतील. दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर, छोटं, स्वच्छ. तीन भिंतींवर रॅक आणि रॅकमध्ये पारदर्शक पिशव्यांमध्ये घडी केलेले टॉप, कुर्त्या, पलाझो. सगळं तयार, ट्रकने आलेलं. मशीन कोपऱ्यात होतं, फिटिंगपुरतं.

तिने माझ्या पाया पडून मला खुर्चीवर बसवलं. आईवडिलांना सांगितलं, यही हैं हमारी मैडम. मी विचारलं, "शिवत नाहीस?"

"सिलने में दिन जाता है मैडम. ये लोग थोक में दे जाते हैं. जितने में मैं कपड़ा लाऊँ, उससे कम में सिला-सिलाया." ती हे सांगताना खाली बघत होती. मग वर बघितलं. "गाँव की लड़कियाँ आती हैं. पहली बार अपनी पसंद का ले रही हैं."

दोन मुली खरोखरच आत आल्या होत्या. एकीने गुलाबी टॉप अंगाला लावून आरशात पाहिलं आणि स्वतःशीच हसली. मी तोंड फिरवलं. मला त्या मुलीचा राग येत नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं.

जेवण झालं. तिने आग्रह करून वाढलं. संध्याकाळच्या बसने मी परत निघाले. जागा मिळाली ती दोन कॉलेजच्या मुलींच्या शेजारी. जबलपूरला होस्टेलवर राहणाऱ्या असाव्यात. दोघींची डोकी एका मोबाइलवर. बोट वर सरकत होतं आणि एकामागून एक कपडे येत होते. निळा, पिवळा, काळा, फुलांचा. त्यांचं ठरेना. शेवटी खिडकीजवळची माझ्याकडे वळली.

"आंटी, आप बताइए ना. येलो वाला कि ब्लू वाला?"

मी चष्मा लावला. स्क्रीन जवळ घेऊन पाहिली. पिवळ्याचा गळा बरा बेतला होता.

"पीला," मी म्हटलं.

तिने तिथल्या तिथे मागवला.